दरजेत काय भरायचं?

शंकेखोर : गुरुजी, देवळाच्या भिंतीच्या दरजा उघड्या पडल्या होत्या. त्यांतून पिंपळ डोकं काढत होता, आतली माती मुंग्या बाहेर आणून टाकत होत्या. गावाने वर्गणी काढली, आमदारांच्या मागे लागून ग्रामविकासाच्या पंचवीस-पंधरा लेखाशीर्षातला निधी आणला, गवंडी लावला आणि एकास तीनचा सिमेंटचा माल कालवून सगळ्या देवळाला पॉइंटिंग करून घेतलं. भिंत स्वच्छ झाली, लोक खूश झाले. आणि तुम्ही सांगत फिरताय की गावाने चांगल्या भिंतीचा घात केला. मी नोकरीत असताना शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत शाळाखोल्या, मोऱ्या, बंधाऱ्यांच्या भिंती बांधून घेतल्या. सगळ्या काळ्या दगडात, सगळ्यांना सिमेंटचं पॉइंटिंग. त्यातल्या बहुतेक अजून जागेवर आहेत. मग सिमेंट एकदम वाईट कसं झालं?

हौशी : त्या भिंतींबद्दल माझी तक्रारच नाही, रावसाहेब. जिच्या पोटात सिमेंट आहे तिच्या दरजेत सिमेंटच जावं. देवळाची ओवरी, पाटलांच्या वाड्याचं जोतं, गावची वेस, ही भिंत वेगळ्या जातीची. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, आणि दोन्हींच्या मधे मुरूम, माती, दगडाच्या कपच्या, कुठे नशीब असलं तर चुन्याचा माल. रुंदी दीड-दोन हात. ही भिंत एकसंध नसते. ती थोडी बसते, थोडी सरकते, आणि तशीच दोनशे वर्षं काढते. तिच्या तोंडावर तुम्ही बोटभर जाडीचा कडक पट्टा चढवलात. भिंत हलली की पट्टा दगडापासून सुटतो. फट केसाएवढी असते. पाणी आत शिरायला तेवढी पुरते, आत गेलेलं वाळून बाहेर यायला पुरत नाही. देवळाच्या मागच्या बाजूला जा आणि पट्ट्यावर किल्लीने ठोकून पाहा. निम्म्या ठिकाणी पोकळ वाजतं. एका जागी तुकडा निखळलाय, त्याच्या मागे दरज जशीच्या तशी, जुन्या मातीसकट आहे. म्हणजे दरज भरलीच नाही, वरून झाकली. माल दगडाच्या तोंडावर थापला, थापीने दोन्ही कडा सरळ कापल्या आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ ओढली. गंमत म्हणजे जिथे दगड लांब होता आणि ओळ शोभेना, तिथे गवंड्याने अखंड दगडावर खोटी दरज काढलीय. त्याखाली सांधाच नाही, नुसता पट्टा.

शंकेखोर : खोटी दरज मीही पाहिली आहे आणि एकदा बिलातून कापलीही आहे. पण तुम्ही सांगताय तो सिमेंटचा दोष नाही, कामाचा दोष आहे. आमच्या कामाच्या वर्णनात काय लिहिलेलं असतं? दरज वीस मिलिमीटर खोल खरवडायची, सुटा माल आणि धूळ ब्रशने काढायची, पाण्याने धुवायची, ओली असतानाच माल दाबून भरायचा, दगडाच्या कडा झाकायच्या नाहीत, आणि सात दिवस पाणी मारायचं. यातलं खरवडणं कोणी करत नाही, कारण ते दिसत नाही. पाणी तीन दिवस मारतात, चौथ्या दिवशी बिगारी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आता हाच गवंडी आणि हाच बिगारी तुम्ही चुन्याला लावा. सिमेंट निदान हलगर्जीपणा सोसतं, चुना सोसत नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जो कोरडा वारा सुटतो, त्यात चुन्याची दरज दोन दिवसांत सुकून भुगा होईल. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड व्हायचं असतं आणि त्या क्रियेला ओल लागते. गोणपाट बांधून ते आठवडाभर, खरं तर जास्तच, भिजवत ठेवणार कोण?

हौशी : मंडळाची पोरं ठेवतील. दहीहंडीला थर लावतात, गोणपाट भिजवता येणार नाही?

शंकेखोर : पहिले दोन दिवस ठेवतील, आणि फोटो काढतील. पण मला खरी शंका वेगळीच आहे. हे जे तुम्ही सांगता, माल दगडापेक्षा मऊ हवा, भिंतीने श्वास घेतला पाहिजे, हे कुठून आलं? विल्यम मॉरिसने १८७७ साली इंग्लंडात जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली, तेव्हापासून तिकडच्या लोकांनी हा विचार घासूनपुसून तयार केला. तिकडची वीट मऊ, तिकडचा दगड पुष्कळ ठिकाणी चुनखडीचा, पाणी पिणारा. दरजेत सिमेंट भरलं की पाणी दगडातून बाहेर पडायला बघतं, थंडीत त्याचा बर्फ होतो, आणि दगडाचं तोंड पापुद्रा होऊन गळतं. खरं आहे, मान्य. पण आपला दगड बेसाल्ट, लाव्ह्याचा. तो पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. दौंडला बर्फ पडत नाही. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एखाद्या वर्षी येतो आणि दोन वर्षं येत नाही. रेल्वेची जुनी दगडी कामं बघा. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, त्या काळातल्या दगडाला अजून छिन्नीच्या खुणा दिसतात. मऊ विटेच्या देशाचा नियम उचलून कठीण दगडाच्या देशात आणायचा, याला मी अभ्यास म्हणत नाही. आपल्याकडे इंग्रजांचं सिमेंटही आयतं आलं आणि आता त्यांचा पश्चात्तापही आयता.

हौशी : हे तुम्ही चांगलं बोललात, आणि बेसाल्टचं तर शंभर टक्के खरं. सिमेंटने काळा दगड खराब होत नाही. इंग्रजी पुस्तकं वाचून आलेले लोक तसं सांगतात तेव्हा मलाही हसू येतं. पण हेच जरा पुढे न्या. दगड पाणी पीत नाही, म्हणजे दगडातून पाणी बाहेरही पडत नाही. मग भिंतीच्या पोटात गेलेल्या पाण्याला वाट कुठली? फक्त दरज. मऊ विटेच्या भिंतीत दरज बंद केली तर विटेतून तरी ओल निघते, विटेचं वाटोळं होतं ते वेगळं. काळ्या दगडाच्या भिंतीत दरज बंद केली की सगळे दरवाजे बंद. पोटातली माती भिजते, फुगते, खाली बसते, आणि बाहेरचं तोंड आतल्यापासून सुटं होऊन पुढे येतं. गवंडी म्हणतात भिंतीला पोट आलं. शिरूर-दौंडातले पडके वाडे बघा, दगड फुटून पडलेला वाडा शोधून सापडणार नाही. दगड सगळे शाबूत असतात, खाली ढिगात. भिंत पोटाने मरते.

शंकेखोर : आणि पोटात पाणी येतं कुठून? पाचशे मिलिमीटरच्या गावात?

हौशी : वरून धाब्यातून येतं, शिखराच्या तड्यातून येतं, पण या भागात जास्त करून खालून येतं. मुठा उजवा कालवा दौंडला आला, घोड आणि चासकमानचे कालवे शिरूरला आले. त्याआधी गावठाणाच्या पायाखाली उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत जमीन असायची. आता ऊस गावठाणाच्या कुंपणापर्यंत आलाय आणि पाट बारमाही वाहतोय. पाणी पायातून भिंतीत चढतं, बरोबर जमिनीतला क्षार आणतं. आमच्या जुन्या शाळेच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत खार फुटलाय. हात फिरवला की पांढरी भुकटी येते. तिथे कोणीतरी सिमेंटचा गिलावा केला, खार त्याच्या वर चढला. मग त्यावर टाइल लावली, खार टाइलच्या वर गेला. आणि त्याच भिंतीचा वरचा भाग विटांचा. भीमाकाठच्या भट्टीतली गावठी वीट, कमी भाजलेली. तिथे तुमचं सिमेंट पॉइंटिंग अगदी चांगलं झालंय, खोल, दाबून, पाणी मारून. वीट आत झिजून गेलीय आणि सिमेंटची जाळी तेवढी बाहेर उभी आहे, मधले चौकोन रिकामे. ती भिंत दुरुस्तच करता येत नाही. सिमेंट काढायला छिन्नी लावली की आधी वीट जाते.

शंकेखोर : विटेचं मी मान्य करतो. त्यावर वाद नको. गावठी विटेच्या जुन्या भिंतीला एकास तीन घालणं चूक, हे आता आमच्याकडचे लोकही सांगतात. दगडाचंच बोलू, कारण या दोन तालुक्यांतलं जुनं बांधकाम मुळात दगडाचं आहे. मला किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. जाडजूड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवदाचं ओझं. पहाटे सगळं खाली आलं आणि हजारो माणसं स्वतःच्या भिंतीखाली गेली. तेव्हापासून कोणी मातीच्या आणि मऊ मालाच्या भिंतीचं कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. हलते, बसते, सरकते म्हणून टिकते, हे ऐकायला गोड आहे. त्या रात्री त्या हलल्याच.

हौशी : त्या भिंती पडल्या त्या दोन तोंडं एकमेकांना बांधलेली नव्हती म्हणून. आरपार जाणारे लांब दगड, तुमच्या भाषेत थ्रू स्टोन, त्यांत नव्हते. कोपरे जुळवलेले नव्हते. नंतर सरकारने उभ्या घरांसाठी काय सांगितलं? भिंतीला भोक पाडून मधे बांधणी घाला, वर पट्टा फिरवा. बाहेरून पॉइंटिंग करा म्हणजे वाचाल, असं कोणी सांगितलं नाही. पॉइंटिंगने भिंत मजबूत होते ही समजूतच मुळात घातक आहे. पट्टा मारलेली भिंत मजबूत दिसते आणि पोट येत असेल ते उशिरा कळतं. उघड्या दरजेची भिंत निदान स्वतःची तक्रार तोंडावर लिहून दाखवते.

शंकेखोर : हे पटलं. म्हणजे एवढंच पटलं, की दरज भरणं आणि भिंत बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं करून दुसऱ्याचं समाधान मिळवू नये. पण मग चुन्यानेही भिंत मजबूत होत नाही.

हौशी : नाहीच होत. चुन्याचं काम तेवढं नाहीच. पाऊस बाहेर ठेवायचा, ओल बाहेर सोडायची, आणि भिंत हलली तर आधी आपण झिजायचं, दगडाला झिजू द्यायचं नाही. आपल्या काळ्या रानात हे फार महत्त्वाचं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत हात जातो. तिच्यावरची प्रत्येक भिंत दरवर्षी थोडी वर-खाली होते. सिमेंटची दरज एका जागी, एकच मोठी चीर देते. चुन्याच्या दरजेत बारीक बारीक चिरा पडतात, आणि पाणी झिरपलं की थोडा चुना विरघळून त्याच चिरेत पुन्हा बसतो.

शंकेखोर : आता मुद्द्यावर या. कुठला चुना?

हौशी : म्हणजे?

शंकेखोर : परवा तुम्ही आणलेल्या गोण्या मी पाहिल्या. राजस्थानचा चुना. पांढराशुभ्र, तलम, खायच्या पानाला लावावा असा. तो शुद्ध चुना आहे, फॅट लाइम. तो फक्त हवेनेच घट्ट होतो, आणि हवा दरजेच्या दोन बोटं आत जात नाही. त्याच्या मागचा चुना वर्षानुवर्षं लोण्यासारखा राहतो. आपल्या बापजाद्यांनी वापरला तो हा चुना नव्हेच. त्यांचा चुना कंकराचा होता. काळ्या मातीत, ओढ्याच्या काठाला ते करड्या चुनखडीचे गाठाळ खडे निघतात ना, ज्यांच्यामुळे शेतकरी म्हणतो माझं रान चुनखडीचं, डाळिंब पिवळं पडतं, ते. ते खडे गोळा करून गावच्या भट्टीत भाजायचे, घाण्यात बैल फिरवून वाळूबरोबर दळायचे. त्या खड्यात मुळातच माती मिसळलेली असते, म्हणून तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो. भारतीय मानकांत चुन्याचे वर्ग आहेत, आयएस ७१२ मध्ये, त्यात कंकर चुन्याला स्वतंत्र ‘ई’ वर्ग आहे. तुम्ही परंपरा म्हणून जे भरताय ते एक हजार किलोमीटरवरून आलेलं, वेगळ्या जातीचं द्रव्य आहे. त्यापेक्षा बारामती फाट्यावरच्या दुकानातलं सिमेंट जास्त स्थानिक म्हणायचं.

हौशी : म्हणून तर त्यात सुरखी घालतो. भाजलेल्या विटेची पूड, ती मातीचं काम करते.

शंकेखोर : आणि गूळ, बेलफळ, उडदाची डाळ. माल आहे की नैवेद्य?

हौशी : थट्टा करा, पण गुळाचं पाणी जुन्या कामांत होतं. साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि माल कामाला मऊ राहतो. सिमेंटमध्ये हीच साखर पडली तर सिमेंट घट्टच होत नाही, हे पाटसच्या कारखान्याच्या पट्ट्यात तुम्हाला सांगायला नको. आणि परंपरेचंच म्हणाल तर ती इथलीच आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. घोड नदीच्या काठावर इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली वस्ती. तिथे कुंभार, तांबट यांच्याबरोबर चुना करणारेही होते. आपल्या नदीकाठी चुना भाजायला तीन हजार वर्षं झाली, आणि तो विसरायला तीन पिढ्या पुरल्या. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या दरम्यान बांधलं, ज्याच्या कालव्याचं पाणी आज दौंडचा ऊस पितो. ते दगड आणि चुन्याचंच होतं ना?

शंकेखोर : होतं. आणि १९६१ च्या १२ जुलैला फुटलं.

हौशी : पानशेतचं मातीचं धरण फुटून त्याचं सगळं पाणी खडकवासल्याच्या माथ्यावरून गेलं म्हणून. तोवर ऐंशी वर्षं ते चुन्यावर उभं होतं. हा आळ चुन्यावर घालू नका.

(इथे दोघेही एकदम बोलले. पानशेतवर पुण्यात आणि पुणे जिल्ह्यात कोणीही थोडक्यात बोलत नाही, म्हणून तेवढा भाग गाळतो.)

शंकेखोर : बरं, चुन्यावर आळ नाही. पण आता तुमच्याच तोंडून काय निघालं ते बघा. चांगला चुना म्हणजे ज्यात माती आहे असा चुना. धरण बांधायला तोच लागतो. फ्रान्समध्ये विका या इंजिनिअरने १८१८ च्या सुमारास हेच दाखवलं, की चुनखडीत माती असली तर चुना पाण्यात घट्ट होतो. इंग्लंडात ॲस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, तेही चुनखडी आणि माती एकत्र भाजूनच. पुढे भट्टी जास्त तापत गेली, नऊशे अंशांवरून साडेचौदाशेवर गेली, एवढाच फरक. म्हणजे कंकराचा चुना आणि सिमेंट एकाच घराण्यातले. एका टोकाला तुमची राजस्थानची पांढरी गोणी, दुसऱ्या टोकाला माझी करडी गोणी, आणि आपल्या आजोबांचा माल दोन्हींच्या मधे कुठेतरी. मग चुना विरुद्ध सिमेंट हे भांडण कशाचं? तुम्हाला हवंय ते कमी कडक सिमेंट. मग ते सरळ करू. एक सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू. मानकांत बसतं, गवंड्याला कळतं, आणि हलगर्जीपणाही थोडा सोसतं.

हौशी : एक-दोन-नऊचा मोह मलाही होतो, खोटं सांगत नाही. पण दोन अडचणी आहेत. पहिली, गवंड्याचा हात. तो माल घमेल्याने मोजतो, आणि शेवटी मनाला बरं वाटावं म्हणून वर एक थापी सिमेंट टाकतोच. त्याची नियत वाईट नसते. सिमेंट कमी म्हणजे चोरी, हे त्याने तुमच्यासारख्या साहेबांकडूनच शिकलंय. एकाचं दीड झालं की गणित बदलतं, आणि पाच वर्षांनी मी कोणाला दाखवू की माल कसा होता? दुसरी अडचण परतीची. चुन्याची दरज चुकली तर खरवडून काढता येते, दगड जसा होता तसा राहतो. सिमेंट थोडंसं असलं तरी काढताना दगडाची कड जाते. जिथे चूक होणारच आहे, तिथे उलटवता येईल अशी चूक करावी.

शंकेखोर : हा मुद्दा तुम्ही उशिरा काढलात, पहिला काढायला हवा होता. श्वासबिस मला पटत नव्हतं, परत काढता येतं हे पटतं. पण मग मी तुम्हाला बारवेत नेतो. ओढ्याकाठच्या आपल्या बारवेचे दगड कशात बसवलेत?

हौशी : कशातच नाही. कोरडी रचाई आहे. दगड इतके घडीव की मधे पातं जात नाही.

शंकेखोर : आणि तुमची मंडळी तिथे काय करणार आहेत?

हौशी : गाळ काढून झाला. पायऱ्या मोकळ्या झाल्या, शिवरात्रीला दिवे लावले. काही थर सरकलेत, तिथे चुन्याने दरजा भरायचं चाललंय.

शंकेखोर : बघा. सिमेंट नको म्हणून गावाशी भांडलात आणि आता स्वतः चुना घेऊन तिथे निघालात, जिथे काहीच नव्हतं. बारव म्हणजे जमिनीत उलटी उभी केलेली भिंत. तिच्या पाठीमागे पाण्याने भरलेली माती आहे. पावसाळ्यात ओढा चढला की मागचं पाणी त्या कोरड्या दरजांतून आत पाझरतं, बारव भरते, आतलं आणि बाहेरचं पाणी सारख्या पातळीला येतं, म्हणून भिंतीवर दाब राहत नाही. दरज भरली, चुन्याने भरा की सिमेंटने, की दोन गोष्टी होतात. बारवेला पाणी कमी येतं, आणि भिंतीला मागून रेटा बसतो. आम्ही रस्त्याच्या कडेची भिंत बांधतो तिला मुद्दाम भोकं ठेवतो, वीप होल. बारवेत प्रत्येक दरज हेच वीप होल आहे. भुलेश्वरचं, पेडगावचं यादवांच्या वळणाचं काम बघा, तिथेही मूळ सांध्यात माल नाही. तिथे दरज ही भरायची जागा नव्हेच. अशा ठिकाणी चुना भरणं म्हणजे सिमेंटचीच चूक, फक्त शुद्ध तुपातली.

हौशी : वरचे दोन-तीन थर तरी? तिथे पावसाचं पाणी मागच्या मातीत उतरतं आणि दगड पुढे ढकलतं.

शंकेखोर : वरचे थर भरा, पाण्याच्या पातळीच्या वरचे. खाली सरकलेले दगड काढून, मागची माती साफ करून, मुरूम-खडी भरून, कपच्या ठोकून पुन्हा कोरडे बसवा. हे काम जाणणारे पाथरवट अजून या भागात आहेत, पण त्यांना आपण खाणीवर आणि क्रशरवर पाठवलंय.

हौशी : तर मग आपलं दोघांचंही मूळ वाक्य गेलं. मी म्हणत होतो चुना, तुम्ही म्हणत होता सिमेंट. आता प्रत्येक भिंतीला आधी विचारायचं की तुझ्या पोटात काय आहे, तुझ्यामागे काय आहे, तुझ्याखाली कोणाचा पाट वाहतोय. देवळाच्या जोत्याला कंकराचा किंवा सुरखीचा चुना, शाळेच्या सिमेंटच्या खोलीला सिमेंट, विटेच्या भिंतीला शुद्ध चुना, बारवेला काही नाही.

शंकेखोर : यादी सोपी वाटते. पण तुम्ही एक विसरताय, आणि त्यावर मला तुमचं उत्तर मिळालेलं नाही. चुन्याची दरज झिजायलाच केलेली आहे, असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी परत यायला हवं. पूर्वी देवळाला इनाम होतं, वाड्यात वीस माणसं राहत, दर दोन-चार वर्षांनी वाड्याचा गवंडी फेरी मारून जायचा. आता वाड्याचे वारस पुण्यात आणि अमेरिकेत, सातबारावर अठरा नावं, आणि कुलूप. देवळाला निधी मिळतो तो एकदाच, कामाचा फलक लावण्यापुरता. पुढच्या फेरीचा पैसा कुठल्याच लेखाशीर्षात नाही. ज्या गावाला पुन्हा यायला जमणार नाही, त्या गावाने एकदाच काय ते कडक करून टाकावं, असं त्याला वाटलं तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. रायगडावर प्राधिकरण आहे, तिथे माणसं पगारावर आहेत. आपल्या वेशीला कोण आहे?

हौशी : म्हणजे ज्याला देखभाल जमत नाही त्याने जास्त कडक औषध घ्यावं? कडक केलेली भिंतही वीस वर्षांनी कोणीतरी बघायलाच लागते, फक्त तेव्हा ती पोट काढून बसलेली असते. दर वर्षी जत्रेआधी देवळाला रंग देतो ना? त्या रंगाच्या पैशातून एक बाजू, एका वर्षी एकच. चार वर्षांत देऊळ पुरं होतं आणि पाचव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाजूला येता येतं. निधी लागतच नाही.

शंकेखोर : रंगाचा पैसा देणाऱ्याला रंग दिसायला हवा असतो. तुमची आत दाबलेली, दगडाच्या मागे राहिलेली चुन्याची दरज दहा फुटांवरून दिसत नाही. त्यावर देणगीदाराचं नाव कुठे टाकणार?

हौशी : पायरीवर टाका.

शंकेखोर : तेही जमेल कदाचित. पण बारवेचं मला खरंच कळत नाही. ग्रामपंचायत मला अंदाजपत्रक करून मागतेय. झाडं-मुळ्या काढणे, याला दर आहे. दरजा खरवडणे, दर आहे. धुणे, दर आहे. दरजा भरणे, दर आहे. आणि तुमच्या-माझ्या मते खालच्या सगळ्या थरांत करायचं काय, तर दरजा मोकळ्या ठेवणे. त्याला चौरस मीटरचा दर नाही. ठेकेदार ज्याला दर आहे तेच करणार. तो भरून, मोजून, बिल काढून जाईल.

हौशी : मग खरवडण्याचं आणि दगड पुन्हा बसवण्याचं परिमाण वाढवा. काम तेच आहे, आणि अवघडही तेच आहे.

शंकेखोर : ऑडिटवाला विचारेल, एवढं खरवडलंत आणि भरलं कुठे?

हौशी : त्याला बारवेत उतरवा. दरजांतून पाणी आत येतंय ते डोळ्यांनी दाखवा.

शंकेखोर : तो मार्चमध्ये येतो, गुरुजी. तेव्हा बारव कोरडी असते.